आट्यापाट्या सगळ्या पडद्यांवर

अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, आयुष्यभर शाळेत पी.टी. शिकवली. कळंब तालुक्यात त्यांच्या बदल्या होत राहिल्या, आणि ज्या शाळेत रुजू झाले तिथं त्यांनी आधी मैदानावर चुन्याची फक्की टाकून आट्यापाट्या आखल्या. त्या खेळाला बॅट लागत नाही, चेंडू लागत नाही, बूटही लागत नाहीत. जमिनीवर आडव्या पाट्या आखायच्या, प्रत्येक पाटीवर अडवणारा एक गडी उभा करायचा, आणि समोरच्या संघानं त्यांना चुकवत एकेक पाटी ओलांडून पार जायचं. अडवणाऱ्याचा हात लागला की बाद. डावीकडून जातोय असं भासवायचं आणि उजवीकडून निसटायचं, याला हूल देणं म्हणतात. खेळाचा सगळा जीव त्या हुलीत. मी अप्पांची थोरली मुलगी. चालायला लागले तेव्हापासून पाट्या ओलांडतेय, असं आई सांगते.

पुढं मी कॉम्प्युटर शिकले आणि पुण्यात व्हिडिओ गेमच्या एका कंपनीत लागले. माझं काम खेळ बनवायचं नव्हतं. बनलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर चालता करायचं होतं. एखादा खेळ कॉम्प्युटरसाठी केलेला असतो. तोच टीव्हीला जोडायच्या कन्सोलवर हवा असतो, हातात धरून खेळायच्या यंत्रावर हवा असतो, फोनवर हवा असतो. ही यंत्रं करणाऱ्या कंपन्यांची आपसात स्पर्धा. प्रत्येकीची बटणं वेगळी, मेमरी वेगळी, नियम वेगळे. एका यंत्रावर सुळसुळ पळणारा खेळ दुसऱ्यावर अडखळतो, तिसऱ्यावर उघडतच नाही. मी तो खोलायची, जिथं जड आहे तिथं हलका करायची आणि पुन्हा बसवायची. आमच्या धंद्यात याला पोर्टिंग म्हणतात. लोकांना ते दुय्यम काम वाटतं. मला मात्र एखादा खेळ नव्या यंत्रावर पहिल्यांदा उघडला की पोटातून आनंद व्हायचा.

घरून काम करायची सोय झाली तशी मी कळंबला परत आले. माझी कॉलेजातली मैत्रीण उमरग्याची. ती चित्रं काढायची, गेममधली माणसं हलवायची. ती घरच्यांशी कन्नडमध्ये बोलायची, माझ्याशी मराठीत, आणि रागावली की दोन्हीत. एकदा ती आमच्याकडं आली असताना अप्पा तिला अंगणात पाटी कशी अडवायची ते दाखवत होते. ती बघत राहिली आणि मला म्हणाली, "आपण सारखी दुसऱ्यांचीच गेम का हलवत बसायची गं? ह्याची कर की."

त्याच आठवड्यात आम्ही सुरुवात केली. ती चित्रं काढणार, मी बाकीचं. मोकळ्या वेळात काम करत करत वर्षभरात कॉम्प्युटरवर आट्यापाट्या उभ्या राहिल्या. अप्पांना दाखवल्या. त्यांनी चष्मा पुसून पाहिल्या, पाटीवरच्या गड्याचे पाय कुठं पाहिजेत ते दुरुस्त करून दिलं, आणि मग विचारलं, "ही आपल्या पोरींच्या फोनात चालती का?"

आपल्या पोरी म्हणजे त्यांनी शिकवलेल्या. आता कुणी रांजणीला नांदत होती, कुणी येडशीला, कुणी कळंबातच शिलाई करत होती. त्यांच्याकडं कॉम्प्युटर नव्हते. मी म्हणाले, "न्हाय अजून."

"मग कुणासाठी केली?" अप्पांनी अगदी साधेपणानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. पण त्या दिवशी आम्ही दोघींनी ठरवलं की हा खेळ ज्याच्या हातात जे यंत्र असेल त्यावर चालला पाहिजे. आणि नुसता चालून भागणार नव्हतं. फोनवाला, कॉम्प्युटरवाला आणि कुठल्याही कंपनीचा कन्सोलवाला, सगळे एकाच मैदानात एकमेकांसमोर उभे राहिले पाहिजेत.

फोनपासून सुरुवात केली. माझा स्वतःचा फोन चांगला होता, त्यावर खेळ नीट चालायचा, आणि त्याचा काही उपयोग नव्हता. आम्हाला हवे होते गल्लीतले फोन. ते काम आईनं अंगावर घेतलं. दुपारची जेवणं उरकली की ती शेजारी जायची आणि दोन-तीन फोन घेऊन यायची. "लेकीला बघायचाय, संध्याकाळी देते," एवढं सांगितलं की बायका देत. काहींच्या फोनात लग्नांचे व्हिडिओ इतके भरलेले की आमचा खेळ मावायचा नाही. काही फोन उन्हाळ्यात एवढे तापायचे की पाचव्या मिनिटाला गडी गुडघाभर चिखलातून चालल्यासारखे चालायचे. मी खेळाचं वजन कमी करत गेले. प्रेक्षकांची गर्दी काढली, झाडांच्या सावल्या काढल्या. मैत्रिणीचा जीव त्या सावल्यांत अडकला होता. ती उमरग्याहून फोनवर म्हणाली, "सगळंच काढ आता, नुसत्या रेघा ठेव." दुसऱ्या दिवशी तिनंच सावल्या दुसऱ्या पद्धतीनं, मातीच्या रंगातच मिसळून काढून पाठवल्या. त्यांचं वजन काहीच नव्हतं आणि दिसायला त्या आधीपेक्षा छान होत्या.

आमच्या पलीकडं एक काकू राहतात, पापडाचा धंदा करतात. त्यांचा फोन एकदा हातातून पडून खालच्या डाव्या कोपऱ्यात फुटला होता. तेवढा भाग बोटाला दाद द्यायचा नाही. नेमकं तिथंच आम्ही गड्याला पळवायचं बटण ठेवलं होतं. काकू म्हणाल्या, "तुझा गडी माझ्याकडं हालतच न्हाय बाई. रुसलाय का काय?"

मी त्यांना म्हणू शकले असते की काच बदलून घ्या. पण कळंबात काच फुटलेले फोन किती असतील, हा विचार मनात आला. मी ते बटणच काढून टाकलं. पडद्यावर अंगठा जिथं टेकेल तिथंच गडी हलवायची सोय केली. डावखुऱ्यांना ती आवडली, मोठ्या बोटांच्यांना आवडली, आणि पुढं टॅब्लेटवर खेळणाऱ्यांना तर दुसरं काही जमलंच नसतं. काकूंच्या फुटक्या काचेमुळं आमचा खेळ सगळ्यांना सोपा झाला.

मग कन्सोल. ते करणाऱ्या कंपन्या तीन, आणि तिघींकडून वेगवेगळी परवानगी लागते. त्यांची खास तपासणीची यंत्रं कुरिअरनं कळंबला आली. खेळ पूर्ण झाला की कंपनी तो स्वतः तपासते आणि नियमात बसला तरच आपल्या ऑनलाइन दुकानात ठेवते. पहिल्या कंपनीनं आमचा खेळ परत पाठवला. कारण वाचून मला हसू आलं आणि लाजही वाटली. पडद्यावर आम्ही लिहिलं होतं की हूल द्यायला गोलाचं बटण दाबा. त्यांच्या यंत्रावर गोलाचं बटणच नव्हतं. ते दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावर होतं.

मैत्रीण तेव्हा आमच्याकडंच होती. ती म्हणाली, "एवढंच ना? मी दार उघडलं की आधी बघते कोण आलंय. अप्पा असले तर मराठी, माझी मावशी असली तर कन्नड. तसंच करू." आम्ही तसंच केलं. खेळ उघडला की तो आधी आपण कुठल्या यंत्रावर आहोत ते बघतो, आणि मग त्या यंत्राच्या बटणांची नावं घेतो. पुढच्या तपासणीत खेळ पास झाला. दुसऱ्या कंपनीतही झाला.

खरी अडचण त्यानंतर आली. सगळ्यांना एका मैदानात आणलं आणि हूलच मेली.

झालं असं की फोन मोबाइलच्या नेटवर चालतो, आणि आमच्याकडचं नेट कधी पळतं, कधी दम खातं. मी कळंबातून हूल दिली की ती समोरच्याच्या पडद्यावर क्षणभर उशिरा पोचायची. तेवढ्यात माझ्या पडद्यावर मी पाटी ओलांडून पार झालेली असायची, आणि त्याच्या पडद्यावर त्यानं मला हात लावलेला असायचा. दोघंही खरं बोलत असायचे. कन्सोलवर शहरातल्या वेगवान नेटवरून खेळणारा दर वेळी जिंकायचा. ओळखीतल्या लोकांना खेळायला दिलं तर त्यांच्यात भांडणं लागली. मी बरेच उपाय केले. निकाल पकडणाऱ्याच्या पडद्यावरून दिला तर पळणारे चिडायचे, पळणाऱ्याच्या पडद्यावरून दिला तर पकडणारे. कित्येक आठवडे मी त्यातच अडकून पडले होते. आईनं माझ्याशी बोलणं कमी केलं होतं, कारण मी कशाचंच उत्तर धड देत नव्हते.

शेवटी मैत्रीण म्हणाली, "आपण खरा खेळ शेवटचा कधी पाहिला? चल, मैदानात जाऊ."

अप्पांनी त्यांच्या जुन्या विद्यार्थिनींना निरोप धाडले. रविवारी सकाळी शाळेच्या मैदानावर बऱ्याच जणी आल्या. कुणी लेकरं घेऊन, कुणी साडीचा पदर खोचून. पाटी अप्पांनी स्वतः अडवली, मग स्वतः पळूनही दाखवलं. सत्तरीच्या जवळ आलेला माणूस, पण दोघींना चुकवून गेले. आम्ही सगळ्याचा व्हिडिओ घेतला.

घरी येऊन मैत्रीण तो व्हिडिओ एकेक चित्र थांबवून बघत बसली. मी स्वयंपाकघरात होते. तिनं मला हाक मारली. "हे बघ. उडी मारायच्या आधी अप्पांचा मागचा गुडघा खाली जातोय. प्रत्येक वेळी. आणि त्या शिवणवाल्या ताईचा खांदा पडतोय." तिनं त्याच व्हिडिओतून आणखी चार जणींचे तुकडे काढून दाखवले. प्रत्येकीचं शरीर हूल द्यायच्या अगोदर काहीतरी सांगत होतं. कुणाचा गुडघा, कुणाची मान. पाटीवरचा गडी तेच वाचत होता.

आम्ही अप्पांना बोलावून दाखवलं. त्यांनी दोनदा, तीनदा पाहिलं. "च्यायला," ते हळूच म्हणाले, "हे मी करतो? मला ठावंच न्हाय. पोरींनो, हे आधी कळलं असतं तर मला कुणी धरलंच नसतं."

आमच्या खेळातला गडी बटण दाबल्याबरोबर उडायचा. खरा माणूस तसा उडत नाही. मैत्रिणीनं नव्यानं चित्रं काढली. प्रत्येक हुलीआधी गुडघा वाकणं, खांदा झुकणं. तो जो जरासा वेळ शरीराला लागतो, तेवढ्यात माझा निरोप नेटवरून समोर पोचायचा. समोरच्याला गुडघा वाकलेला दिसेपर्यंत हूल त्याच्या यंत्रात हजर असायची. दोन्ही पडद्यांवर एकच खेळ दिसू लागला. उशीर संपला नव्हता, पण तो गुडघ्यात मुरला होता. मी उठून अंगणात गेले आणि आईला सांगितलं, "झालं." तिला काय झालं ते कळलं नाही, तरी तिनं हातातलं सूप खाली ठेवलं आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

आता खेळ लोकांपर्यंत न्यायला मोठी कंपनी लागणार होती. पुण्यातली एक प्रकाशक कंपनी तयार झाली. त्यांचे एक साहेब कळंबला आले. माणूस चांगला होता, या धंद्यात मुरलेला. खेळ त्यांना आवडला. पण ते म्हणाले, "एक सुचवू का? फोनवाल्यांना वेगळं ठेवा. फोनवाले फोनवाल्यांशी, कन्सोलवाले कन्सोलवाल्यांशी. कन्सोल घेणारा माणूस फोनवाल्याशी खेळायला तयार नसतो. त्याला वाटतं आपला खेळ बिघडतोय."

मी म्हणाले, "सर, तुम्ही आधी एक डाव खेळा. मग ठरवू."

मी त्यांच्या हातात कन्सोल दिला, टीव्हीसमोर बसवलं. समोरच्या संघात माझ्या पुण्यातल्या ओळखीचे दोघं कन्सोलवर, मैत्रीण कॉम्प्युटरवर, आणि पलीकडच्या घरात आई आणि पापडवाल्या काकू आपापल्या फोनवर. नावं आम्ही लपवली होती, पडद्यावर नुसते गड्यांचे रंग दिसत होते. साहेब तीन वेळा बाद झाले, एकदा पार गेले. डाव संपल्यावर मी विचारलं, "यातले फोनवाले कोणते?"

त्यांनी विचार केला. हिरवा आणि निळा, ते म्हणाले. हे दोघं तर पुण्यातले कन्सोलवाले होते. "आणि तुम्हाला दोनदा धरलं तो पिवळा?" मी विचारलं.

"तो पक्का खेळणारा आहे. कन्सोलच असणार."

मी खिडकीतून काकूंना हाक मारली. त्या फोन हातात घेऊनच आल्या, पिठाच्या हातानं. साहेब उभे राहिले. काकूंचा फोन पाहिला, कोपऱ्यातली काच पाहिली. काकू म्हणाल्या, "तुम्ही डावीकडं लई जाता हो. सारखं डावीकडं."

साहेब मोठ्यानं हसले. वेगळं ठेवायची गोष्ट त्यांनी पुन्हा काढली नाही. उलट तिसऱ्या कन्सोल कंपनीची परवानगी त्यांनीच मिळवून दिली. ती कंपनी आपल्या खेळाडूंना बाहेरच्या यंत्रांशी सहजासहजी जोडू देत नव्हती. त्यांचीही काळजी तीच, की खेळ बिघडेल. साहेबांनी त्यांना आपण स्वतः बाद झालो तो डाव दाखवला. पुष्कळ बैठका झाल्या. त्यांच्या माणसांनी खेळ चाचपून पाहिला आणि शेवटी होकार दिला. ती बातमी मला धाराशिवच्या बसस्टँडवर मिळाली. मी मैत्रिणीला आणायला गेले होते. ती गाडीतून उतरली, मी तिला फोन दाखवला. आम्ही तिथल्या कँटीनमध्ये जाऊन चहा घेतला आणि दोघी बराच वेळ नुसत्या हसत बसलो.

ज्या दिवशी खेळ सगळीकडं एकदम उघडला त्या दिवशी अप्पांनी शाळेच्या हॉलमध्ये पोरी जमवल्या. त्यांनी शिकवलेल्या जुन्या आणि शाळेतल्या आताच्याही. भिंतीवर पडदा लावला होता. पोरींच्या हातात घरचे फोन. समोरच्या बाजूला कोण कोण आलं ते पडद्यावर दिसत होतं. कुणी सोलापूरहून, कुणी हैदराबादहून, आणि एक जण अशा देशातून जिथं तेव्हा पहाट होती. त्याच्याजवळ कन्सोल होता. त्याला आट्यापाट्या म्हणजे काय हे महिन्याभरापूर्वी ठाऊक नसणार. आठवीतल्या एका पोरीनं त्याला अशी हूल दिली की तो पाटीच्या टोकापर्यंत पळत गेला आणि ती दुसऱ्या टोकानं आरामात निघून गेली. हॉलमध्ये एकच गलका झाला.

मी अप्पांकडं पाहिलं. ते पडद्याकडं बघत नव्हते. ते पोरींचे अंगठे बघत होते. मग माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "म्या आयुष्यभर फक्की टाकली. पाऊस आला की पुसायची, पुन्हा टाकायची. तुझी पुसत न्हाय." एवढं बोलून ते परत पोरींत गेले, आणि एकीला पाटीवर उभं कसं राहायचं ते हात धरून दाखवू लागले. फोनमधल्या पाटीवर.

मला त्या दिवसाचा अभिमान आहे आणि मी तो लपवत नाही. आजवर मी दुसऱ्यांचे खेळ इकडून तिकडं नेले होते. आमचा खेळ मी तीन स्पर्धक कंपन्यांच्या दारांतून आत नेला, आणि कळंबातल्या फोनला त्यांच्या बरोबरीनं उभं केलं. तेही कळंबात बसून.

आता आमचं ऑफिस मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात आहे, एका आडत दुकानाच्या वर, दोन खोल्या. माझ्यासोबत मैत्रीण आहे, ती आठवड्यातले चार दिवस इथं राहते. आणखी तीन मुली आहेत. एक येडशीहून येते, एक शेजारच्या वाशी तालुक्यातली आहे, एक इथलीच. बाहेरदेशीचे लोक त्यांचे खेळ आमच्याकडं पाठवतात, म्हणतात की तुम्ही फोनला आणि कन्सोलला एकत्र खेळवलंत, आमचंही करून द्या. येडशीची मुलगी तर नवं यंत्र आलं की आम्हाला हातही लावू देत नाही, आधी सगळी बटणं स्वतः दाबून बघते.

खाली आडतीवर बसणारे मालक कपाळाला भस्म लावलेले, शांत गृहस्थ आहेत. सुरुवातीला त्यांना वाटलं होतं की वर आम्ही क्लास घेतो. सोयाबीन घेऊन आलेले शेतकरी कधी कधी जिन्याकडं बघून विचारतात, वर काय असतं म्हणून. परवा मी खाली उतरत होते तेव्हा मालकांचं उत्तर ऐकलं.

"वर आपल्या पोरी बसत्यात," ते वजनकाट्यावरची नजर न काढता सांगत होते. "जगातला कोणताबी खेळ आणा, त्या कोणत्याबी यंत्रावर चालवून देत्यात. थांबा, चहा आलाय वरच्यांचा, तेवढा धाडून देतो."